काचेवर दोनदा

१

थोरलीला गॅरेजात सगळे थोरलीच म्हणत. गिऱ्हाईकसुद्धा. वय बावन्न, हात कायम काळे, जीभ फटकळ, आणि घरातल्या दोन भावंडांत ती मोठी, एवढ्या भांडवलावर हे नाव पडलं होतं. धाकटा भाऊ ट्रक चालवायचा आणि ती ट्रक दुरुस्त करायची. दोघांपैकी कुणाचं काम जास्त अवघड, यावर त्यांचा वीस वर्षं वाद चालला होता. निवाडा बाबांकडे गेला की ते दोघांनाही गाढव ठरवून मोकळे व्हायचे.

बाबांना जाऊन आता नऊ महिने झाले होते. त्यांचा ट्रक तेव्हापासून शेडच्या मागच्या भिंतीशी उभा होता. बाबा असेपर्यंत त्यांनी तो धाकट्याला एकदाही चालवायला दिला नव्हता. "अजून घाई आहे तुझ्या हातात," एवढंच म्हणायचे. धाकटा आयुष्यभर लोकांच्याच गाड्या चालवत राहिला. आता त्याला पहिल्यांदा स्वतःच्या गाडीचं काम मिळालं होतं: डोंगरमाथ्यावरच्या धरणाच्या कामावर पाइप पोचवायचे. उद्या सकाळी आठला निघायचं होतं.

आठवडाभर थोरलीने गाडीचं सगळं पाहिलं. बॅटरी, पट्टे, ब्रेक, फिल्टर. उरला होता तो तेलाच्या दाबाचा सेन्सर. इंजिनाच्या पोटात तेल किती जोराने फिरतंय, हे डॅशबोर्डवरच्या मीटरला कळवणारी ही अंगठ्याएवढी वस्तू. बाबा तिला बोंड म्हणायचे. या जुन्या गाडीला धोक्याचा लाल दिवा नव्हता, जे काही कळायचं ते त्या एका काट्यावरून. वर जायचा चढ चौदा किलोमीटरचा. मध्येच तेलाचा दाब गेला आणि ड्रायव्हरला कळलं नाही, तर इंजिन जाम होतं आणि भरलेली गाडी उलटी घसरते. थोरलीने अशी एक गाडी दरीतून वर काढताना पाहिली होती. तिला ते पुन्हा पाहायचं नव्हतं, आणि भावाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

जुनं बोंड सांध्यातून तेल गाळत होतं. तिने ते काढलं, फडक्याने कोरडं ठाक पुसलं आणि बाकावरच्या स्टीलच्या वाटीत ठेवलं. खरं तर फेकून द्यायचं, पण बाबांच्या हातचं होतं.

नवं घ्यायला ती दुकानात गेली, तेव्हा पार्टवाल्याने काउंटरवर तीन डब्या मांडल्या. "तिन्ही बसतील. घे कुठलंही."

"आटे बसले म्हणजे सेन्सर बसला असं नाही," थोरली म्हणाली. हे बाबांचं वाक्य होतं आणि पार्टवाल्याने ते बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तो हसला, मग उगाचच खाली बघत डब्या सारख्या करत बसला.

२

आणलेल्यातलं पहिलं बोंड उलटं निघालं. किल्ली फिरवताच, इंजिन बंद असतानाच, काटा पार टोकाला गेला आणि इंजिन सुरू केल्यावर शून्यावर पडला. थोरलीला हसू आलं. काही सेन्सरांचा विजेला होणारा रोध दाबाबरोबर वाढतो, काहींचा घटतो. या जुन्या मीटरला घटणारा लागतो. एवढी वर्षं घालवून तिने शिकाऊ पोराची चूक केली होती. बाबा असते तर संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून चिडवलं असतं.

दुसरं बोंड तिने आधी मल्टिमीटर लावून मोजलं, जुन्याशी ताडून पाहिलं, मगच बसवलं. आट्यांवर टेप गुंडाळली नाही. टेप गुंडाळली की बोंडाचा इंजिनाशी विजेचा संबंध तुटतो आणि काटा खोटं बोलतो. हेही बाबांचंच.

इंजिन सुरू झालं. काटा साठ पौंडांवर गेला आणि जसजसं तेल तापलं तसा हळूहळू चाळिसावर आला. सात मिनिटं लागली. बाबा रोज सकाळी हेच करायचे: गाडी सुरू करायची, सात मिनिटं बसून राहायचं, मीटरच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायची आणि मग उतरून चहा घ्यायचा. त्या सात मिनिटांत त्यांच्याशी बोललेलं त्यांना खपत नसे. ते गेले तेही याच सात मिनिटांत, याच सीटवर.

थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिने डॅशबोर्डखालचा नॉब ओढला. या गाडीचं इंजिन किल्लीने बंद होत नाही, नॉब ओढून डिझेल तोडावं लागतं. इंजिन थरथरून थांबलं. मग तिने किल्ली काढून खिळ्याला अडकवली, हात धुतले आणि फडकं घ्यायला पुन्हा केबिनमध्ये डोकावली.

काटा चाळिसावरच होता.

किल्ली काढल्यावर मीटरला वीजच मिळत नाही, काटा पडायलाच हवा. अडकला असेल, ती स्वतःशी म्हणाली. नऊ महिने गाडी उभी, आत गंज धरला असेल. तिने बाबांसारखीच नखाने काचेवर दोनदा टकटक केली. काटा शहाण्या मुलासारखा खाली आला. तिने फडकं उचललं आणि ती बाकापाशी आली.

मागे केबिनमध्ये काचेवर दोनदा टकटक झाली.

तिने वळून पाहिलं नाही. तापलेला पत्रा गार होताना वाजतो, हे तिला ठाऊक होतं. तसा तो कुठे दोनदाच वाजून थांबत नाही, हेही ठाऊक होतं, पण त्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

३

दुपारी धाकटा बायकोने दिलेला डबा घेऊन आला. दोघं बाकावर बसून जेवली. तो खुशीत होता. दाढी करून आला होता, गाडी उद्या निघायची होती तरी.

"लग्नाला चालला आहेस का?"

"पहिल्यांदाच बसणार ना त्या सीटवर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे हक्काने."

हात धुऊन तो केबिनमध्ये चढला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आणि लगेच त्याची हाक आली. "ताई, काटा उठत नाहीये."

थोरलीने नॉब ओढायला सांगितलं. मग बाबांचा तांब्याच्या नळीचा गेज काढला. तो इंजिनालाच थेट जोडायचा, त्यात वीज नाही की तार नाही, तो खोटं बोलूच शकत नाही. तो जोडून इंजिन पुन्हा सुरू केलं. साठ पौंड. इंजिन ठणठणीत होतं.

"उतर," ती म्हणाली आणि स्वतः सीटवर बसली. डॅशबोर्डवरचा काटाही साठ. ती उतरली, धाकटा बसला. काटा शून्य. पुन्हा ती बसली. साठ. असं त्यांनी चारदा केलं.

थोरलीने हार मानली नाही. सीटखालून तार जात असेल आणि याच्या वजनाने दबत असेल, म्हणून तिने सीट उचलून पाहिली. तार तिकडून जातच नव्हती. तिने बोंडापासून मीटरपर्यंत अख्खी तार बोटाखालून नेली. कुठेही सोललेली नाही, सैल नाही. धाकट्याच्या खिशातला फोन, कमरेचा पट्टा, हातातलं कडं, सगळं काढायला लावलं. तरी काटा शून्यच.

"कपडे पण काढू का?" धाकटा म्हणाला. मग त्याचं हसू विझलं. "बाबांनी दिलीच नव्हती ना गाडी. अजूनही देत नाहीयेत."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"ताई, तुला एक सांगितलं नाही मी." स्टिअरिंगवरची बोटं त्याने घट्ट आवळली होती. "त्या दिवशी गाडी तासभर चालू होती. मी घाईत आलो, पलीकडच्या दारातून आत वाकलो आणि नॉब ओढला. ओरडलो त्यांच्यावर. तासभर गाडी घरघरतेय, झोपलात का, म्हणून. इंजिन थांबल्यावर एकदम सगळं शांत झालं, तेव्हा पाहिलं मी त्यांच्याकडे. डॉक्टर म्हणाले, आधीच गेले होते. असतील. पण मी शेवटचं बोललो ते हे."

तिने पायरीवर चढून, लहानपणी मारायची तशी, त्याच्या डोक्यात एक टपली मारली. त्याने नाक पुसलं आणि तो पाइप भरायची व्यवस्था बघायला निघून गेला.

४

तो गेल्यावर ती बाकापाशी आली. जुन्या बोंडाची वाटी काठोकाठ भरली होती.

काळं, पातळ, वापरलेलं तेल. तिने आधी वर पाहिलं. वर नुसता पत्रा होता. त्या अंगठ्याएवढ्या वस्तूत चमचाभरही तेल मावत नाही आणि सकाळी तिनेच ती कोरडी केली होती. तिने वाटीला बोट लावलं. वाटी गरम होती, चालत्या इंजिनाचं तेल असतं तितकी.

कुणीतरी आलं असेल आणि गंमत केली असेल. पण शेडचं दार तर ती आल्यापासून तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिने तेल डब्यात ओतलं, वाटी पुसली, बोंड पुसलं आणि परत ठेवलं. बघता बघता त्याच्या सांध्यातून एक थेंब फुगला, सुटला, आणि दुसरा फुगू लागला.

एक मार्ग होता आणि तो तिच्या डोक्यात आला नाही असं नाही. हेच जुनं बोंड परत बसवायचं. काटा मग धाकट्यालाही उठून दाखवेल, याची तिला का कोण जाणे खात्री वाटत होती. पण ते गळकं होतं. चौदा किलोमीटर चढता चढता इंजिनाचं तेल रस्त्यावर सांडलं असतं आणि काटा गोड बोलत राहिला असता.

ती ट्रकपाशी गेली. ड्रायव्हरच्या बाजूने चढायला तिचं मन धजेना. ती पलीकडून चढून शेजारच्या सीटवर बसली. ही तिची लहानपणची जागा. आई लवकर गेली, तेव्हा शाळेत जायच्या आधी बाबा तिला इथेच बसवून तिच्या वेण्या घालायचे. वर्गात तिच्या केसांना डिझेलचा वास यायचा आणि पोरी नाक मुरडायच्या. तिला तो वास आवडायचा. आजही आवडतो.

किल्ली खिळ्यावर होती. काटा चाळिसावर होता.

"बाबा," ती म्हणाली. आवाज कापला म्हणून ती स्वतःवरच चिडली. "जुनं मी बसवणार नाही. ते गळतंय. तुम्ही तरी बसवलं असतं का?"

काटा खाली येऊ लागला. वीज गेल्यावर पडतो तसा नाही. सावकाश, अडखळत, कुणी हाताने दाबत न्यावा तसा. थोरली पुढे वाकली. पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन मीटरवर पडलं होतं, त्यामुळे आतली धूळही दिसत होती. काट्याच्या टोकावर, काचेच्या आतल्या बाजूला, एक नख होतं. उभं चिरलेलं, कडेला काळी रेघ असलेलं. काटा शून्यावर टेकवून ते मागे सरकलं.

मग काचेत फक्त तिचा चेहरा उरला.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. तिने ते उलटे करून पाहिले. तिचं एकही नख चिरलेलं नव्हतं. बाबांचं तर्जनीचं नख मात्र बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात सापडून चिरलं होतं आणि पुढे चाळीस वर्षं तसंच वाढत राहिलं होतं. वेणी घालताना ते केसांत अडकायचं. ती ओरडायची आणि ते "झालं, झालं" म्हणायचे.

तिची पाचावर धारण बसली होती, हे खरंच. पण उठून पळावंसंही तिला वाटेना. इतक्या महिन्यांनी ते इतक्या जवळ होते.

"त्याला जाऊ द्या हो," ती हळूच म्हणाली. "पोरगा पंचेचाळीस वर्षांचा झाला."

५

सकाळी साडेसातला गाडी पाइप भरून शेडसमोर उभी होती. थोरलीने धाकट्याला नखाचं काही सांगितलं नाही. तिने फक्त अट घातली. "सात मिनिटं बसायचं. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. काटा उठला तर जायचं. नाही उठला, तर मी धरणावर फोन करून काम सोडलं म्हणून कळवते."

"गेज तर साठ दाखवतोय ना? इंजिन चांगलं आहे."

"आज चांगलं आहे. वर चढावर तुझ्याजवळ गेज नसणार, काटाच असणार. आंधळेपणाने तुला पाठवणार नाही मी."

धाकट्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. थोरली हातात चहाचा कप घेऊन पायरीवर उभी राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. काटा शून्यावर. इंजिनाचा आवाज कोवळा होत गेला, तेल तापत गेलं, चार झाली, पाच झाली. धाकटा एकदाही हलला नाही. एवढा वेळ गप्प बसलेला तिने त्याला जन्मात पाहिला नव्हता. सहाव्या मिनिटाला त्याचे डोळे भरून आले.

सात झाली. काटा शून्यावरच होता. थोरलीने फोन काढला.

धाकट्याने बोट उचललं आणि काचेवर दोनदा टकटक केली. मग बहिणीच्या हातातला कप घेऊन तो डॅशबोर्डवर ठेवला. "बाबा," तो म्हणाला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा. "चहा झालाय. गार होईल. उठा."

इंजिनाच्या आवाजाखाली, काचेच्या आतून, दोनदा उत्तर आलं. काटा शून्यावरून निघाला आणि न थरथरता चाळिसावर जाऊन थांबला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलावं लागलं असतं.

"माथ्यावर पोचलास की फोन कर," थोरली म्हणाली. "बाबा जिथे थांबायचे, तिथेच थांब."

६

गाडी गेल्यावर शेड नको इतकी मोठी वाटू लागली. थोरलीने एका टेम्पोचं काम काढलं आणि पान्याला हात लावायच्या आधीच टाकलं. ती बाकापाशी स्टूल ओढून बसली.

वाटीतलं बोंड कोमट होतं. नऊच्या सुमाराला ते तापलं. चढ लागला असणार, तिने हिशेब केला. तिने वाटीवर तळहात ठेवला. सव्वानऊला चटका बसू लागला, तरी तिने हात काढला नाही. बोंडातून एक बारीक थरथर येत होती, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन देतं तशी. ती लय एकदाही चुकली नाही. तेलाचा मात्र आज एक थेंबही आला नव्हता. असं दीड तास ती बसून होती. पार्टवाला काहीतरी विचारायला आला आणि तिचा चेहरा पाहून परत गेला.

साडेदहाला फोन वाजला.

"ताई, पोचलो!" धाकट्याचा आवाज आनंदाने फुटत होता. "चाळिसाच्या खाली एकदाही नाही आला काटा! अगं, वळणावर गाडी अशी वळते, जशी..." तो थांबला. मागे इंजिन संथ चाललं होतं. "ताई, एक होतंय. इंजिन बंद होत नाहीये. मी नॉब ओढतोय, काही होत नाही. परत आत ढकलला, परत ओढला."

"केबल पंपावरून निसटली असेल."

"पाहिलं मी. धड आहे. आता नॉब आत ढकलून खाली उतरलोय. दार लावून उभा आहे."

"किती वेळ झाला थांबून?"

"पाचएक मिनिटं."

"मग सात होऊ दे," थोरली म्हणाली. "या वेळी तू बंद करू नकोस."

दोघं फोन कानाला लावून तशीच थांबली, एक वर माथ्यावर आणि एक इथे बाकाशी, मध्ये बाबांच्या इंजिनाचा आवाज. मग काचेवर दोनदा टकटक झाली. ती थोरलीला फोनमधून स्वच्छ ऐकू आली. इंजिन थरथरलं आणि थांबलं. वाऱ्याचा आवाज आला.

"ताई." धाकटा कुजबुजत होता. "मी हात लावला नाही. मी खालीच आहे. नॉब बाहेर ओढला गेलाय, मला इथून दिसतोय."

"हं."

"ताई, दार उघडलं."

"कुठल्या बाजूचं?"

"ड्रायव्हरच्या."

थोरलीने वाटीवरचा तळहात आणखी घट्ट दाबला. भीतीही होती त्यात, पण भीती थोडी होती. "तू कुठे उभा आहेस?"

"दाराशीच."

"मग जरा बाजूला हो, बाळा," ती म्हणाली. "त्यांना उतरू दे."

खडीवर धाकट्याची दोन पावलं मागे सरल्याचा आवाज आला. मग तो थांबला. त्याच्यानंतर खडी पुन्हा वाजली, सावकाश, लांबचा प्रवास करून पाय आखडलेल्या माणसाच्या चालीने, आणि दूर दूर जात ऐकू येईनाशी झाली.

वाटीतलं बोंड तिच्या तळहाताखाली गार होत गेलं. ते पुरतं गार होईपर्यंत तिने हात काढला नाही.